उणे रुपये: झिजलेल्या नाण्याची तूट कोणाच्या पदरात?

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचे लेख कोरलेले आहेत. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इ.स.चे पहिले-दुसरे शतक. त्याच्या दानधर्माच्या यादीत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने नावांची विनामूल्य सोय केल्याची नोंद आहे. पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे आजच्या डहाणूची खाडी, असे अभ्यासक मानतात. डहाणूचा हा फार जुना लेखी उल्लेख आहे, आणि तो पैशांच्या हिशेबाशेजारीच आलेला आहे.

त्याच ओसरीतील दुसऱ्या लेखात उषवदाताने देवब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा उल्लेख येतो. पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या दराने त्यांचे २,००० सुवर्ण होतात, असा हिशेबही तेथेच कोरून ठेवला आहे. हिशेब चोख आहे, पण तो मोजणीचा आहे, तोलण्याचा नाही. व्यवहारात फिरलेले ७०,००० कार्षापण एका पारड्यात आणि टांकसाळीतून नुकतेच निघालेले ७०,००० दुसऱ्या पारड्यात घातले असते, तर पहिले पारडे निश्चित वर गेले असते. ते का वर जाते आणि तेवढी उणी पडलेली चांदी शेवटी कोणाच्या पदरातून जाते, याविषयीचा हा धागा. डहाणू-तलासरीच्या किनारपट्टीपासून आरंभ करून तो पुन्हा तेथेच येईल.

प्रथम एक साधी गोष्ट. काही नाणी जन्मतःच हलकी असतात. हाताने नाणे पाडण्याच्या काळात टांकसाळीला हिशेब द्यावा लागे तो एकेका नाण्याचा नव्हे, तर गठ्ठ्याचा. अमुक तोळे चांदीतून अमुक नाणी निघाली पाहिजेत, एवढे जमले की काम झाले. त्यामुळे सरासरी बरोबर असली तरी कोणते नाणे अर्ध्या गुंजेने जड, तर कोणते तेवढेच हलके निघे. यंत्रे आल्यावर हा फरक आकसला, नाहीसा झाला नाही. प्रत्येक आधुनिक नाणेकायद्यात प्रमाण वजनाच्या खालीवर किती फरक चालेल हे ठरवून दिलेले असते. म्हणून एखाद्या संग्राहकाच्या हाती आलेले नाणे हलके भरले, की लगेच ‘कोणीतरी चांदी काढली’ असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरते.

खरे कारण पुढे सुरू होते. नाणे हातातून हातात जाते, कमरेच्या कशात इतर नाण्यांवर घासते, सराफाच्या फळीवर आपटते, पेटीत ओतले जाते. प्रत्येक वेळी डोळ्यांना न दिसणारा कण सुटतो. उंच उठाव आधी झिजतो: राजाचे नाक, अक्षरांच्या कडा, मण्यांची किनार. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून तीत थोडे तांबे घालून ती कठीण करतात. तरीही झीज थांबत नाही. लहान नाणी मोठ्यांपेक्षा अधिक झिजतात, याला दोन कारणे आहेत. वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग जास्त असतो आणि ती बाजारात जास्त वेळा हात बदलतात. रुपया पेटीत विसावतो, पावली आणि चवली मात्र दिवसभर राबतात.

ही झीज किती नियमित असते, हे इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६८ साली सोन्याच्या सॉव्हरिन नाण्यांवर दाखवून दिले. साधारण अठरा वर्षांच्या वापरात सॉव्हरिन कायद्याने ठरवलेल्या किमान वजनाखाली उतरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या वेळी चलनात असलेल्या सॉव्हरिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा असा उणा होता. या नाण्यांना कोणी कानस लावलेली नव्हती. केवळ वापराने एवढे झाले होते.

भारतात हाच प्रश्न अधिक खोलवर नेला तो गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. १९४०च्या सुमारास त्यांनी आहत नाण्यांचे वजन करायला घेतले. आहत नाणी म्हणजे चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर वेगवेगळ्या चिन्हांचे ठसे मारलेली प्राचीन नाणी. त्यांवर राजाचे नाव नसते, सालही नसते. मग त्यांचा क्रम लावायचा कसा? कोसंबींचा युक्तिवाद सरळ होता. सर्व नाणी एकाच प्रमाणाने पाडलेली असतील, तर जो गट अधिक काळ फिरला त्याचे सरासरी वजन कमी भरेल. शिवाय, आणि हे त्याहून महत्त्वाचे, त्या गटातील नाण्यांच्या वजनांत आपसातील फरकही वाढलेला असेल. कारण प्रत्येक नाण्याच्या वाट्याला आलेले आयुष्य सारखे नसते. एक बाजारात झिजते, दुसरे मडक्यात निवांत पडते.

हे केवळ तर्काने मानायचे नाही, म्हणून त्यांनी आपल्या काळातली चालू नाणी गोळा करून तीही तोलली. त्यांच्यावर साल छापलेले असते, त्यामुळे वय आणि वजन यांचा मेळ थेट पडताळता येतो. गणिताच्या प्राध्यापकाने चिल्लर नाणी एकेक करून सूक्ष्म तराजूत तोलत बसावे, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असणार. पण पद्धत टिकली. तक्षशिलेच्या भीर टेकाडावर सापडलेल्या दोन आहत नाण्यांच्या साठ्यांवर ती लावताना त्यांना दिसले, की नाण्याच्या मागील बाजूवर बारीक ठसे जितके अधिक, तितके नाण्याचे सरासरी वजन कमी. यावरून त्यांनी अनुमान केले, की हे ठसे म्हणजे व्यापाऱ्यांनी किंवा पारख्यांनी वेळोवेळी नाणे तपासल्याच्या खुणा असाव्यात. जितक्या तपासण्या, तितके वय, तितकी झीज.

सर्व नाणकशास्त्रज्ञांनी हे मान्य केले असे नाही. साठा पुरणारा माणूस जड नाणी निवडून ठेवतो, मग साठ्यातली नाणी बाजाराची प्रतिनिधी कशी? जमिनीत पडून राहिल्याने बदललेले वजन झिजेत कसे धरायचे? हे आक्षेप रास्त आहेत. तरी हलके नाणे म्हणजे बिघडलेले नाणे, ही समजूत कोसंबींनी बदलली हे खरे. त्यांच्या हाती वजनातली तूट हे काळ मोजण्याचे साधन झाले, आणि हे साधन एका नाण्यावर चालत नाही, समूहावरच चालते.

आता पुन्हा पश्चिम किनाऱ्याकडे. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत डहाणूच्या उत्तरेकडील भडोच बंदराविषयी एक नोंद आहे. तेथे अपोलोडोटस आणि मिनांडर यांचे, ग्रीक अक्षरे असलेले जुने द्रम्म अजून चालतात, असे तो सांगतो. हे राजे त्याच्या आधी सुमारे दोन शतके होऊन गेले. दोनशे वर्षे हाताळलेल्या नाण्यावर मिनांडराचा चेहरा कितपत उरला असेल, याची कल्पना करता येते. तरी ती नाणी चालत होती. मागच्या माणसाने घेतले आणि पुढचा घेईल, हा विश्वास असेपर्यंत हलके नाणेही पुऱ्या किमतीला जाते. हा विश्वास कोठे तुटतो, तो मुद्दा पुढे येईल.

नहपानाच्या नाण्यांबाबत तर एक विलक्षण पुरावा हाती आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी मुळात नहपानाची, पण त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले: एका बाजूस चैत्याची टेकडी, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. सातवाहनांच्या विजयाचा पुरावा म्हणून या साठ्याचा उल्लेख प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. वजनाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पुन्हा ठसा मारताना नाणे वितळवलेले नाही, म्हणजेच नवी चांदी घातलेली नाही. आधीच्या राजवटीत जेवढे झिजले तेवढे झिजलेलेच राहिले आणि त्याच्यावर नव्या राजाची हमी बसली. असे नाणे नव्या नावाने जन्मते तेच जुन्या झिजेसकट. आज ते तोलून ‘गौतमीपुत्राचे प्रमाण कमी होते’ असे कोणी म्हटले, तर ते चुकीचे ठरेल.

डहाणू तालुक्यातल्याच चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांत या किनाऱ्याची पुढची कहाणी आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६चा ताम्रपट संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणचा कारभार पाहणाऱ्या मधुमती उर्फ सुगतिप या ताजिक अधिकाऱ्याचा उल्लेख करतो. मधुमती हे मुहम्मदचे संस्कृत रूप. त्यानेही दोन नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातले. उषवदातानंतर आठेक शतकांनी त्याच पट्ट्यात दुसऱ्या एका परक्या मुळाच्या सत्ताधाऱ्याने केलेले हे तेच दान. हा योगायोग फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संजाण आज तलासरीच्या सीमेपलीकडे गुजरातेत आहे.

या काळातल्या नाण्यांनी वजनाच्या प्रश्नाला एक वेगळे वळण दिले. इ.स. ८५१च्या सुमारास सुलेमान या अरब व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या वृत्तांतात बल्हरा राजाच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या राज्यातील द्रम्म अरबी दिरहमाच्या दीडपट वजनाचा आहे, असे नोंदवले आहे. परदेशी व्यापारी नाण्यावरचे चित्र पाहत नाही, तो वजन विचारतो. पश्चिम भारतात दीर्घकाळ चाललेली ‘गधैया’ नाणी सुमारे चार ग्रॅमची. त्यांचा मूळ नमुना सासानी: एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी. शतके उलटली तसे ते चित्र विस्कटत केवळ ठिपके आणि रेघा उरल्या. वजन बऱ्यापैकी टिकून राहिले. आतली चांदी मात्र उतरत गेली. म्हणजे येथे तराजू काहीच सांगत नाही. कमी झालेली चांदी वजनात दिसू नये, अशीच ती काढली गेली आहे.

झीज, कातरणी आणि हीण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. झीज कोणीही करत नाही, ती होते. हीण मिसळतो तो टांकसाळ चालवणारा. कातरणी करतो मधला माणूस. नाण्याची कड कानशीने घासणे, कात्रीने किंचित सोलणे, तेजाबात क्षणभर बुडवणे, किंवा कातड्याच्या थैलीत नाणी घालून ती खूप वेळ हलवत राहणे आणि तळाशी उरलेली चांदीची भुकटी गोळा करणे, या सगळ्या युक्त्या जगभर ठाऊक होत्या. हाताने पाडलेले नाणे मुळातच वाकडेतिकडे असल्याने त्याची कड आणखी थोडी गेली तर ओळखू येत नसे. कडेवर दाते पाडलेली नाणी यंत्राने निघू लागली ती मुख्यतः याच चोरीला आळा घालण्यासाठी. भारतीय दंडसंहितेत १८६० साली कलम २४६ आणि २४७ घालून लबाडीने नाण्याचे वजन घटवणे हा गुन्हा ठरवण्यात आला. टांकसाळीतल्या माणसानेच वजनात फेर केला तर त्यासाठी वेगळे कलम होते.

यात आणखी काही कारणांची भर पडते. सराफ नाणे तपासताना त्यावर छिन्नीने टोचा मारत. त्यातही थोडी चांदी जाई. दागिन्यात ओवण्यासाठी पाडलेल्या भोकात नाण्याचा एक लहानसा गोल तुकडा निघून जातो. उलट कडी झाळून लावली, तर नाणे प्रमाणापेक्षा जड भरते. आदिवासी समाजांत नाण्यांच्या माळा घालण्याची चाल असल्यामुळे अशी नाणी आजही बाजारात येतात. आणि जमिनीत पुरलेल्या नाण्याची गोष्ट आणखी वेगळी. समुद्रकाठच्या खाऱ्या मातीत क्षार नाण्यातले तांबे हळूहळू खातात. वरवर काळा थर साचलेला असतो तोवर वजन पुरेसे भरते, कधी अधिकही. साफ केल्यावर ते खाली येते. संजाणसारख्या किनाऱ्यावरच्या उत्खननात मिळालेले नाणे तोलताना ते किती फिरले याआधी ते कसे पडून होते, हे पाहावे लागते.

नाणे हलके झाले, हे एकदा तराजूने सांगितले की पुढचा प्रश्न उरतो: मग त्याची किंमत किती धरायची? मराठीत याचे उत्तर देणारा शब्द आहे बट्टा. जुने, झिजलेले, परमुलखाचे किंवा संशयास्पद नाणे घेताना सराफ जे कापून घेई, तो बट्टा किंवा वटाव. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार येथलाच, आणि बोलणे खणखणीत असणे हाही नाण्याच्या आवाजावरून आलेला. मुघलांच्या काळी तर वजन पुरे असले तरी बट्टा लागे. चालू सालाचे नाणे पूर्ण किमतीचे, मागच्या वर्षांचे त्याहून कमी आणि आधीच्या बादशहाचे आणखी कमी. झीज होण्याची शक्यता आहे, एवढ्यावरच तूट आधी वसूल केली जाई.

डहाणूचा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला. पेशवाईत नाणे पाडण्याचे काम बहुधा परवाने देऊन खाजगी माणसांवर सोपवले जाई; परवानगीच्या सनदेत वजन आणि कस नमूद असत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवरील निबंधात ही व्यवस्था विस्ताराने मांडली आहे. मक्ता घेणाऱ्याला आपला खर्च आणि नफा नाण्यांतूनच काढायचा, त्यामुळे सनदेतले प्रमाण आणि हातातले नाणे यांत अंतर पडणे स्वाभाविकच होते. शिवराईची वजने एवढी विविध का, याचेही एक कारण येथे आहे. तांब्याच्या पैशाला तोलून घेणारा कोण?

उत्तर कोकणाला दोन टांकसाळींचा शेजार होता: खाली मुंबई, वर सुरत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोहोंत जे घडले ते मजेदार आहे. सुरतेचा नबाब आणि इंग्रज कंपनी यांनी एकाच वजनाचे आणि कसाचे रुपये पाडावे, असा करार होता. सुरतेचे रुपये वजनाला ठीक, पण त्यांत हीण दहा, बारा, पंधरा टक्क्यांपर्यंत गेले. झाले असे, की मुंबईचे चांगले रुपये वितळवून सुरतेत पाडले जाऊ लागले आणि मुंबईत चांदीचे नाणे पाडणेच सुमारे वीस वर्षे थांबले. शेवटी १८०० साली कंपनीने सुरती रुपया स्वतः मुंबईत पाडायला घेतला, १७९ ग्रेनचा. चांगले नाणे बाजारातून पळ काढते आणि वाईट नाणे राहते, या नियमाचा एवढा जवळचा दाखला डहाणूच्या वाटेवरच घडलेला आहे.

या गोंधळात सामान्य कुळाची स्थिती काय असणार? सारा भरताना कचेरीत पोतदार बसलेला असे. प्रत्येक नाणे पारखणे हे त्याचे काम. तो नाणे वाजवून पाही, तोलून पाही आणि बट्टा लावी. कुळाने ते नाणे भात विकून व्यापाऱ्याकडून घेतलेले असे, तेव्हा मात्र ते पुऱ्या किमतीने त्याच्या हाती ठेवलेले असे. घेताना मोजून आणि देताना तोलून, असा हा उलटा व्यवहार. वर्षानुवर्षांची झीज, जिला शेकडो हात जबाबदार होते, ती तराजू नसलेल्या शेवटच्या माणसाच्या माथी येई. आधी म्हटलेला विश्वास तुटतो तो येथे, सरकारी पेटीच्या तोंडाशी.

१८३५च्या नाणेकायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात एकच रुपया आला: १८० ग्रेन वजन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १८० ग्रेन म्हणजे नेमका एक तोळा. कायद्याने झिजेलाही मर्यादा घातली. वजन दोन टक्क्यांहून अधिक घटलेले नसेल आणि कड कातरलेली वा कानसलेली नसेल, तरच रुपया पुऱ्या किमतीला चालेल. तोळ्याच्या ९६ गुंजा. त्यांचे दोन टक्के म्हणजे दोन गुंजांना किंचित कमी. एवढी तूट हाताला कळत नाही. पण अशा शंभर रुपयांची थैली तोलली, तर दोन तोळे चांदी उणी भरते, म्हणजे पूर्ण दोन रुपये हवेत गेलेले असतात.

हे व्यापाऱ्याला कळत होते, कारण रुपया हेच त्याचे वजनही होते. ‘रुपयाभार’ हा शब्द घरोघरी माहीत असण्याचे कारण हेच. ऐंशी रुपयांचा एक शेर धरला आणि ते ऐंशी रुपये दोन टक्के झिजलेले असले, तर शेर ७८.४ तोळ्यांचा होतो. अशा पन्नास शेरांत गिऱ्हाईकाचा एक शेर जातो. नवे रुपये घालून माल घ्यायचा आणि जुने घालून विकायचा, ही युक्ती सुचायला फार हुशारी लागत नाही. प्रमाणाच्या मापाने नाणे तोलायचे, ते नाणेच माप झाल्यावर झिजेचे मूल्य दुप्पट झाले.

१८९३ साली सरकारने टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या आणि रुपयाचे रूप बदलले. त्याची किंमत आता आतल्या चांदीपेक्षा अधिक होती. तेव्हापासून दोन गुंजांच्या झिजेने व्यवहारात फारसे बिघडेना. १९०६च्या कायद्याने वापराने हलके झालेले नाणे आणि मुद्दाम हलके केलेले नाणे असा भेद केला आणि उणी नाणी कापून चलनातून काढण्याचे अधिकार दिले. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली, की रुपया वितळवणे परवडू लागले. सरकारला त्यावर बंदी घालावी लागली आणि १९१७ साली एक रुपयाची नोट काढावी लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातली चांदी अकरा बारांशावरून निम्म्यावर आणली गेली. वजन मात्र तेच ठेवले, १८० ग्रेन. गधैयाची जुनी युक्ती आता कायद्याने आणि उघडपणे झाली.

पाठोपाठ जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढण्यात आले, त्यासाठी मुदती दिल्या गेल्या. अशा मुदतींचा अनुभव इंग्लंडने १६९६ साली घेतला होता. तेथे कातरलेली चांदीची नाणी परत घेताना ठरलेल्या तारखेपर्यंत ती पुऱ्या किमतीने करात स्वीकारली गेली. कर भरणाऱ्या सधनांनी ती तोवर खपवली. ज्यांच्याकडे कर भरण्याइतके काही नव्हते, त्यांच्या हाती कातरलेली नाणी राहिली. रेल्वे स्थानकापासून दूर पाड्यावर राहणाऱ्या आणि कचेरीच्या नोटिसा वाचता न येणाऱ्या माणसाला अशी मुदत कशी पोचणार, हे वेगळे सांगायला नको.

१९४५ साली डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांनी जेव्हा मान वर केली, तेव्हा हा निम्म्या चांदीचा रुपया चालू होता. तलासरीचा भाग तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडत होता. वेठ आणि लग्नगडी या प्रथांनी पिढ्यान्पिढ्या बांधलेल्या माणसांपैकी अनेकांच्या हाती नाणे फारसे येतच नव्हते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको सावकाराकडे राबत आणि कर्ज किती फिटले याचा हिशेब सावकाराकडेच असे. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारली गेली. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा काळ लिहून ठेवला आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

वेठ संपल्यावर आलेली मागणी मजुरीची होती: दिवसाला बारा आणे, आणि गवतकापणीसाठी ५०० पौंड गवताला अडीच रुपये. या भागातले गवत मुंबईच्या गोठ्यांना आणि तबेल्यांना जात असे, त्यावर जमीनदार आणि व्यापारी गबर झाले होते. मागणीचे स्वरूप लक्षपूर्वक पाहावे. तिच्यात आकडा पैशाचा आहे तसा वजनाचाही. किती गवत कापले हे जमीनदाराने नजरेने ठरवायचे नाही, ते तोलायचे आणि त्यावर दर लावायचा. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. तरीही गवताचा संप मोडला नाही.

नाण्याचा तराजू तोवर सराफाच्या दुकानापुरता उरला होता. रुपया तोलून घेण्याची कोणाला गरज नव्हती. डहाणूच्या कुरणांत तराजू टांगला गेला तो गवतासाठी, एका पारड्यात ५०० पौंडांचे माप आणि दुसऱ्यात वारल्याने कापलेला भारा.